हॉट टब दुरुस्ती, डेट्रॉइटची पश्चिम उपनगरं : चार तारे

एकटाच फिरणारा दुरुस्तीवाला आहे. नाव इथे देत नाही, कारण ते मी ओळखीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं आणि आता मलाच त्याची तारीख मिळत नाही.

आमचा टब, म्हणजे बाहेर डेकवर गरम पाण्यात बसायचा, साधारण १५०० लिटरचा. तीन-चार महिन्यांनी पाणी बदलावं लागतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सगळं पाणी काढलं, आतून पुसून घेतलं, बागेची नळी टबात सोडून पुन्हा भरला आणि ब्रेकर लावला. पॅनलवर 'पी-आर' आलं. म्हणजे प्राइमिंग, पंपातली हवा जाऊन पाणी भरणं, ते चार-पाच मिनिटांत आपोआप जातं. गेलंही. पण जेट्सचं, म्हणजे टबात पाण्याचे फवारे सोडायचं बटण दाबलं तर खालून मोटरची नुसती घरघर, टबात एक बुडबुडा नाही. थोड्या वेळाने 'डी-आर', म्हणजे हीटरपाशी पाणी पोचत नाहीये. फिल्टर काढून पाहिला, पाणी दोन इंच वाढवलं, बंद-चालू तर किती वेळा केलं देव जाणे.

संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. शिरोळला त्यांनी उभी हयात नदीवरची मोटर सांभाळण्यात घालवली. आवाज ऐकूनच म्हणाले, "पाणी उचलंना ती. हवा धरलीया. दोन घागरी ओत की वरनं."

"बाबा, इथं पंप पाण्याच्या खाली असतो. ओतलेलं पाणी धरून ठेवायला फूटव्हॉल्व्ह-बिल्व्ह काही नसतं," म्हणून मी विषय मिटवला. (निदान बरोबर होतं, औषध तेवढं चुकीचं.)

सोमवारी एका मोठ्या दुकानाला फोन केला. त्यांनी टब न बघताच पंप गेला म्हणून सांगितलं. नवा बसवायचे ७८० डॉलर, तेही पुढच्या गुरुवारी. रात्री पारा शून्याखाली जायला लागला होता आणि टबात पाणी भरून ठेवलेलं, न फिरणारं. पाइप गोठून फुटले तर? शेजारणीने याचा नंबर दिला.

वेळ दिली होती बारा ते चार. आला पावणेपाचला, फोनही नाही. एक तारा तिथेच कापला.

काम मात्र बघत राहावं असं. आधी ब्रेकर पाडला. टबाची बाजूची फळी काढून पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत ना ते बघितलं. पाणी काढताना लोक बंद करतात आणि विसरतात म्हणे. मोटरच्या मागच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवून पाहिलं, मोकळी होती. मग पंपातून वर जाणाऱ्या पाइपाचा मोठा प्लास्टिकचा नट पाव फेरा सैल केला. कुकरची शिट्टी होण्याआधी फुसफुस येते ना, तशी हवा सुटली. दहाएक सेकंदांत पाणी ठिबकायला लागलं, तसा नट हातानेच आवळला. पाना लावून जास्त पिळलं तर आतली रबरी रिंग सरकते. ब्रेकर लावला, आणि जेट्स असे उसळले की माझी सलवार भिजली.

वरून पाणी भरलं की पाइपांतली हवा पंपात कोंडते आणि पंख्याला हवा काही ढकलता येत नाही. पुढच्या वेळी फिल्टर काढून त्याच्याच खड्ड्यात नळी खुपसा, म्हणजे पाणी पाइपांतून शिरतं आणि हवेला पुढे ढकलत जातं, असं त्याने सांगितलं. मी मोटर जवळजवळ अर्धा तास कोरडी पळवली होती हे ऐकून त्याचा चेहरा पडला. सील जळतं त्याने. मग टॉर्च घेऊन दहा मिनिटं पंपाखाली थेंब शोधत आडवा पडून होता. सुदैवाने नव्हता. फिल्टर बदलू का विचारलं तर म्हणाला, कशाला, रात्रभर क्लीनरमध्ये भिजवा.

१४५ डॉलर झाले. कार्ड घेत नाही, चेक किंवा रोख. डेकवर बुटांचा चिखल ठेवून गेला तो मी पुसला. पाणी ११ अंशांवरून ३८ वर यायला दुसरी सकाळ उजाडली, पण चार किलोवॉटचा हीटर तासाला दोन-सव्वादोन अंशच चढवणार, त्यात त्याचा दोष नाही.

मार्चमध्ये पाणी बदललं तेव्हा नळी फिल्टरच्या खड्ड्यात घातली. 'पी-आर' गेलं आणि पहिल्याच बटणाला जेट्स सुरू. थंडीत त्याला बोलवायचं असेल तर पंधरा दिवस आधी सांगा, आणि दिलेल्या वेळेत पाऊण तास स्वतःच मिळवून धरा.