जुन्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरला टू-के पीयू कलर: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. बोनेट, मडगार्ड, डॅशबोर्डचा पत्रा एवढ्याला पीयू (पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर कालवून मारायचा दोन डब्यांचा रंग) मारा, पैसे वसूल. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा एक्सल आणि चाकांच्या डिस्क याला साधा सिंथेटिक एनॅमलच बरा. आता का ते सविस्तर.

ट्रॅक्टर आमचा टाफेचा मॅसी १०३५, तीन सिलेंडर सिम्प्सन इंजिन, वडिलांनी सेकंडहँड घेतलेला. ऊस वाहतुकीला आता दुसरा आहे, हा रोटाव्हेटर, पाळी, खताच्या ट्रॉलीला. म्हणजे शोपीस नाही, रोज चिखलात जाणारा आहे, हे लक्षात ठेवून वाचा. गेल्या थंडीत सगळा खोलून रंगवला. पत्र्याला लाल टू-के पीयू, इंजिन आणि चासीला करडा एनॅमल, आणि डिस्कचं मुद्दाम वेगळं केलं, मागच्या पीयू आणि पुढच्या एनॅमल, म्हणलं बघू तर खरं कुठलं टिकतंय.

पीयूचा सगळ्यात मोठा फायदा शायनिंग नाही, डिझेल आहे. १०३५ ला टाकीचं झाकण बोनेटवरच, कॅनमधून नरसाळ्याने भरताना कितीही जपा, थोडं सांडतंच. जुन्या एनॅमलवर झाकणाभोवती ताटाएवढा मळकट पट्टा पडला होता, रंग मऊ झालेला, त्यात धूळ बसून बसून नखाने खरवडला तरी निघायचा. आता त्याच जागी चिंधीने पुसलं की झालं, अजून डाग नाही की चमक गेली नाही. कारण साधं आहे, एनॅमल हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश वाळतो आणि डिझेल-थिनरला तो कच्चाच राहतो, पीयू मात्र हार्डनरशी रिअ‍ॅक्शन होऊन घट्ट होतो, एकदा झाला की डिझेल त्याला सोडवू शकत नाही. उन्हाचंही तसंच, आमच्याकडं शेड नाही, ट्रॅक्टर लिंबाखाली अर्धा सावलीत अर्धा उन्हात, तरी लाल अजून लालच आहे. एनॅमलचा लाल दोन उन्हाळ्यात गुलाबी पडतो आणि हात फिरवला की बोटाला पावडर लागते हे सगळ्यांनी बघितलंय. दसऱ्याच्या पूजेला कुंकू लावलं ते पण नंतर पाण्याने निघालं, आधी वर्षभर बोनेटवर स्वस्तिक दिसायचं.

आता कटकटी. पहिली म्हणजे टचअप. मडगार्डवर आपली माणसं बसणारच, खुरपी-विळा घेऊन बसणार, पँटच्या बेल्टचं बक्कल घासणार, साखळी टेकवणार. पीयू कडक असला तरी ओरखडा पडला की पत्र्यापर्यंत जातो आणि तेवढ्याशा जागेसाठी परत बेस काढा, हार्डनर डब्यावर लिहिलेल्या मापाने मोजा, कालवलेलं दोन-चार तासात संपवा, उरलेलं फेकून द्या. एनॅमलला काय, डबा उघडला, ब्रश फिरवला, झाकण लावलं. त्यात हार्डनरच्या डब्याला ओल चालत नाही, एकदा फोडला की हवेतल्या दमटपणाने तो आतल्या आत घट्ट व्हायला लागतो, पावसाळ्यात तर विचारूच नका. माझा उरलेला अर्धा डबा आषाढात उघडला तर वर जाड साय.

डिस्कचा निकाल मला वाटला होता तसा नाही लागला. पीयूच्या मागच्या डिस्क धुतल्या की नव्यासारख्या दिसतात हे खरं, पण जिथं दगडाने टवका उडाला तिथून पाणी आत शिरून गंज रंगाच्या खालून सरकतोय, कडेने नख लावलं तर पापुद्रा सुटतो. एनॅमलच्या पुढच्या डिस्क टवके उडून जास्त खराब दिसतात, पण जूनच्या आधी ब्रशने एक हात मारला आणि विषय संपला. काळ्या रानात पाच महिने चिखल चिकटून राहणाऱ्या पार्टला जो रंग आपण घरी बसून मारू शकतो तोच बरा, असं माझं मत झालंय.

खर्च रंगाचाच विचाराल तर पीयू, हार्डनर, त्याचा थिनर, एपॉक्सी प्रायमर मिळून एनॅमलच्या अडीच-तीन पट जातो. पण खरा पैसा आणि वेळ खाल्ला पत्र्याने. मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथं चाकाचा चिखल वाळून बसतो, तिथं पत्रा चाळणीसारखा झाला होता, आणि बॅटरीखालचा ट्रे अ‍ॅसिडने खाल्लेला. वरून लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करणारे पेंटर खूप आहेत, एका पावसाळ्यात ती लांबी ढेकळागत निघते, त्यामुळं कुजलेला तुकडा कापून नवीन पत्रा वेल्डिंग करून घ्या आणि लांबी फक्त वेल्डिंगची रेघ लपवायला पातळ वापरा. मडगार्डच्या आतून चासी ब्लॅक जाड मारून घेतलाय, ते बाहेरच्या लाल रंगापेक्षा महत्त्वाचं आहे.

आमच्या पेंटरशी एका गोष्टीवरनं चांगलंच वाजलं. त्याला जुन्या एनॅमलवर पेपर मारून वर रेड ऑक्साईड प्रायमर आणि त्यावर डायरेक्ट पीयू मारायचा होता, म्हणे वीस वर्षं असंच करतोय. म्हणलं टूलबॉक्सच्या झाकणावर मारून दाखव. मारलं, आणि चहा होईपर्यंत सगळ्या झाकणावर सुरकुत्या, पीयूचा थिनर जहाल असतो, तो खालचा एनॅमल उचलतो. मग गुपचूप रिमूव्हर लावून, ग्राइंडरला वायर ब्रश बांधून उघड्या पत्र्यापर्यंत गेलो, एपॉक्सी प्रायमर, वर सरफेसर (घासून सपाट करायचा थर), ४०० आणि ६०० चा पाण्याचा पेपर, मग लाल. पत्रा उघडा केल्यावर त्याच दिवशी प्रायमर पाहिजे, थंडीत पहाटेच्या दवाने रात्रीत तांबूस पडतो.

इंजिन धुताना सगळे डिझेल वापरतात, वापरा, पण डिझेल स्वतः तेलकट थर सोडतं, त्यावर कितीही भारी रंग मारला तरी माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. नंतर सोड्याच्या गरम पाण्याने धुवून, सुकवून, थिनरच्या कपड्याने पुसायचं, आणि त्याआधी टॅपेट कव्हरचं पॅकिंग, टायमिंग कव्हरचा ऑइल सील हे गळतंय का बघायचं. गळक्या इंजिनला रंग देणं म्हणजे पैसे मोरीत. पंपाची लिंक, ब्रीदर, इंजिन-चासी नंबरची प्लेट टेपने झाका. रेडिएटरच्या जाळीवर जाड रंग बसू देऊ नका, ट्रॅक्टर गरम व्हायला लागेल. सायलेन्सरला हीटचा अल्युमिनियम पेंट मारला होता, पहिल्यांदा चालू केल्यावर भरपूर धूर आला, तो येतोच, पण वळणावर आत्ताच गंज धरलाय. त्याला काही इलाज दिसत नाही.

रंगाच्या शेडचं एक. दुकानात ‘मॅसी रेड’ म्हणून जे मिळतं ते प्रत्येक दुकानात वेगळं. डॅशबोर्डच्या मागच्या बाजूला, जिथं ऊन पोचत नाही, तिथला मूळ रंग घासून पुसून त्याच्याशी जुळवून घेतला. रंग बदलून काळा-बिळा करायचा विचार असेल तर आरसीवर कलर लिहिलेला असतो एवढं ध्यानात ठेवा.

मारायची वेळ दिवाळी ते संक्रांत, दव उडाल्यावर दहा-अकराला सुरू आणि तीनच्या आत बंद. पण आमच्यात त्याच दिवसात ऊस जातो आणि लोक पाचट पेटवतात, काळी राख उडत येऊन ओल्या बोनेटवर बसते. इथं पीयूचा फायदा झाला, अर्ध्या-पाऊण तासात वरून धरला. एनॅमल संध्याकाळपर्यंत ओला राहतो, इंजिनवर दिसतायत ते काळे ठिपके त्याचेच.

आणि मास्क, हे कृपा करून वाचा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवारताना ते छातीत जातं आणि दमा लावू शकतं, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. कार्बन कार्ट्रिजचा मास्क घ्या, जागा मोकळी ठेवा, घरात कुणाला दमा असेल तर त्याला त्या दिवशी पाहुण्याकडं पाठवा. आमचा पेंटर मास्क घालायला तयार नव्हता, मी आणून दिला तेव्हा घातला, आणि आता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं पण तोच घेऊन जातो.

मागच्या डिस्क येत्या उन्हाळ्यात खरवडून एनॅमलच करणार आहे. बोनेटला हात लावायची गरज नाही.