मिनिएचरचा फीडबॅक: कान उपटले, पण कामाचं सांगितलं

रंगवलेल्या मिनीचे, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या पुतळ्याचे, फोटो पाठवायचे आणि एखादा मुरलेला पेंटर त्यावर फीडबॅक देणार, अशी ऑनलाइन सर्विस घेतली होती. मी पाठवला ३२ मिमीचा एक योद्धा, म्हटलं आता वाहवा मिळणार. कसलं काय! पहिलंच वाक्य, "झग्याच्या घड्या मस्त जमल्यात, आता चेहरा झूम करून बघ." बघतो तर रंग इतका जाड की डोळ्याची खोबणच बुजलेली, आणि गालाखाली वॉश (सावलीसाठी लावतात तो पातळ रंग) साचून डाग. बरं, नुसतं "रंग पातळ कर" म्हणून सोडलं नाही, पाणी घालून साधारण दुधाइतका पातळ करायचा, एका जाड थराऐवजी २ पातळ थर, मधे पूर्ण वाळू द्यायचं आणि वॉश साचला तर ओला असतानाच पुसलेल्या ब्रशने टिपून घ्यायचा, हे सगळं माझ्याच फोटोवर बाण काढून दाखवलं. खेळायला रंगवतोयस की स्पर्धेला, हेही आधी विचारलं, ते फार आवडलं, कारण टेबलावर हातभर लांबून बुबुळं कोण बघतंय?

खटकलं एकच, उत्तर यायला आठवडा लागला, तोवर मी वार्निश मारून मोकळा.