तिसऱ्याला मत द्यावे की दोघांपैकी एकाला? दोन्ही करून पाहिलेल्या मतदाराचा आढावा

दोन मोठ्या आघाड्यांपैकी एकीचे बटण दाबावे, की त्यांच्याबाहेर उभ्या असलेल्या, मनाला पटणाऱ्या पण बहुधा पडणाऱ्या उमेदवाराला मत द्यावे, हा प्रश्न मुंबईत दर निवडणुकीला कुणी ना कुणी विचारतोच. मी दोन्ही करून पाहिले आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते अगदी तटस्थ असल्याचा दावा करत नाही, पण दोन्ही बाजूंचे न्याय्य म्हणणे मांडण्याचा प्रयत्न करतो.

दोघांपैकी एकाला मत देण्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा माझ्याच मतदारसंघात घडला. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला. रवींद्र वायकर जिंकले, अमोल कीर्तिकर हरले, आणि त्याच मतदारसंघात ‘नोटा’ला १५ हजारांहून अधिक मते पडली होती. मी त्या वेळी दोघांनाही सोडून तिसऱ्याला मत दिले होते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकांनी मला लिफ्टपाशी गाठून, ‘तुमच्यासारखे पन्नास शहाणे निघाले आणि आमचा घात झाला,’ असे सुनावले. तो तिसरा नसता तर मी ‘नोटा’च दाबले असते, हे माझे उत्तर त्यांना पटले नाही, आणि पटावे अशी अपेक्षाही नव्हती. अमेरिकेत २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला आणि तिसरे उमेदवार राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांहून अधिक मते पडली, तेव्हापासून ‘मते खाल्ली’ हा आरोप तिथेही चालूच आहे.

गणितही तिसऱ्याच्या विरोधात असते. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, या पद्धतीत विखुरलेल्या मतांना किंमत नसते. १९९२ साली अपक्ष रॉस पेरो यांना अमेरिकेत जवळपास १९ टक्के मते मिळाली, पण राज्याराज्यांतल्या निकालांवरून अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातले एकही मत हाती लागले नाही. उलट १९६८ साली जॉर्ज वॉलेस यांना त्याहून कमी, १३-१४ टक्केच मते पडली, पण ती दक्षिणेत एकवटलेली असल्याने त्यांनी ५ राज्ये जिंकली. आपल्याकडेही तिसरा निवडून येतो तो बहुधा एका ठिकाणी घट्ट पाय रोवून. २०२४ साली सांगलीत विशाल पाटील अपक्ष म्हणून निवडून आले आणि दोन्ही आघाड्यांचे उमेदवार मागे पडले. मात्र वसंतदादांच्या नातवाला ‘तिसरा’ म्हणणे हा कागदोपत्री हिशेब झाला. दिल्लीत आम आदमी पक्षाने २०१३ साली ७०पैकी २८ आणि २०१५ साली ६७ जागा घेतल्या खऱ्या, पण त्यात काँग्रेस शून्यावर गेली. म्हणजे खुर्च्या दोनच राहिल्या, बसणारा बदलला.

इथपर्यंत वाचून कुणीही मोठ्या दोघांकडेच वळेल. मीही वळलो होतो. काही वर्षांपूर्वीच्या विधानसभा निवडणुकीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहत असताना, मला आवडणारा उमेदवार बाजूला ठेवून मी दोघांपैकी ‘त्यातल्या त्यात बऱ्या’ माणसाला मत दिले. ते त्याच्यासाठी नव्हतेच. समोरची बाजू येऊ नये, एवढ्यासाठी होते. महापालिकेच्या शाळेत दीड तास रांगेत उभे राहून बटण दाबले, काचेमागची चिठ्ठी सात सेकंद दिसली आणि खाली पडली. तो निवडून आला, आणि पुढे एके दिवशी ज्या बाजूला रोखण्यासाठी मी हे सारे केले होते त्याच बाजूला जाऊन बसला. कोणती बाजू हे सांगत नाही. २०१९पासून महाराष्ट्रात इतकी अदलाबदल झाली आहे की वाचकाने आपापले नाव घालून घ्यावे. ‘मत फुकट घालवू नका’ या सल्ल्यामागे एक गृहीतक असते, की दोन्ही तंबू निकालानंतरही आपापल्या जागी राहतील. माझ्या अनुभवात तंबूच हलला. आपल्याला न पटणाऱ्या माणसाला नाइलाजाने दिलेले मत असे परस्पर दुसऱ्याच्या खात्यात जमा होणे मला इतके लागले, की तेव्हापासून तो सल्ला माझ्या कानापर्यंत पोचतो, पुढे जात नाही.

गंमत म्हणजे यावरचा उपाय आपल्याच हातात अधूनमधून दिला जातो. त्याच २०२४ साली, ४८ मतांच्या निकालानंतर तीन आठवड्यांनी, विधान परिषदेच्या मुंबई पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली. तिथे यंत्र नसते. कागदी मतपत्रिकेवर केंद्रातल्याच जांभळ्या पेनाने नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. पहिली पसंती मनातल्याला, दुसरी व्यवहाराला. पहिला बाद झाला तरी मत पुढे सरकते आणि काकांना लिफ्टपाशी थांबण्याचे कारण उरत नाही. लोकसभा, विधानसभा आणि महापालिकेला ही सोय नाही, म्हणून तर हा आढावा लिहावा लागतो.

तिसऱ्याचे दोषही झाकत नाही. २००९च्या लोकसभेला मनसेच्या उमेदवारांनी मुंबईत अनेक ठिकाणी लाखावर मते घेतली आणि सहाही जागा काँग्रेस आघाडीला गेल्या. काही महिन्यांनी विधानसभेत त्याच पक्षाचे राज्यात १३ आमदार आले, आणि २०१४ साली एक उरला. यश मिळते, पण टिकवणे अवघड. शिवाय तिसराही उद्या कुणाला ‘बिनशर्त पाठिंबा’ देऊ शकतो, हे मान्य.

तरीही वॉर्डाच्या निवडणुकीत माझा कल तिसऱ्याकडेच राहील, कारण तिथे काही हजार मतांत निकाल लागतो आणि माणूस डोळ्यांसमोर असतो. २००७ साली जुहूत नागरिकांनीच उभा केलेला उमेदवार महापालिकेत निवडून आला होता. लोकसभेला मी अधिक कचरतो. ४८चा आकडा विसरता येत नाही. वॉर्डात मात्र मी जाहीरनामा वाचत बसत नाही, मागच्या वेळी हरल्यावर त्या माणसाने काय केले तेवढे पाहतो. आमच्या भागात असे दोघे उभे राहिले होते. एकाच्या कार्यालयात निकालानंतरच्या महिन्यात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आले. दुसरा अजून दर रविवारी सकाळी जिन्याखाली टेबल टाकून लोकांचे रेशनकार्डाचे अर्ज भरून देतो.