एस-थ्रीसाठी एंडपॉइंट कळायला हवा का?

वणीजवळ आमचा कापसाचा काटा आहे. काटापावतीचे फोटो आम्ही ॲमेझॉनच्या एस-थ्री या ऑनलाइन साठवणीत ठेवतो. साठवण भरवशाची आहे, आजवर एकही पावती हरवली नाही. ब्राउझरमधून फाइल टाकणाऱ्याचं एंडपॉइंट, म्हणजे प्रोग्रामनं ज्या पत्त्यावर जोडायचं तो पत्ता, न कळताही काही अडत नाही. पण दिवाळीनंतर आवक वाढली तेव्हा मी काट्याचा कॉम्प्युटर थेट जोडायला गेलो, अन् सारखा ३०१ चा, म्हणजे 'पत्ता दुसरा आहे' असं सांगणारा एरर. बाहेर गाड्यांची रांग, शेतकरी पावतीसाठी खोळंबलेले. रात्री अकराला सापडलं: बकेट (फाइली ठेवायचा आमचा कप्पा) मुंबईचं, पत्ता व्हर्जिनियाचा. पत्त्यातलं 'यूएस-ईस्ट-१' (व्हर्जिनिया) खोडून 'एपी-साउथ-१' (मुंबई) लिहिलं, तशी पहिली पावती झटक्यात चढली. स्वतः प्रोग्राम जोडणाऱ्यानं एवढं शिकून घ्यावंच. माझ्याकडून पाचपैकी चार तारे.