कंपनीचा हंगाम की सुट्या सुपाऱ्या? पेटीवाल्यांसाठी, माझ्या अनुभवावरून

गणपती गेले की आमच्याकडे वाजवणाऱ्या पोरांमध्ये हा विषय हमखास निघतो, कारण तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात आणि त्याच्या आधी दशावतारी कंपन्यांची, म्हणजे जत्रांत रात्रभर नाटक करणाऱ्या मंडळ्यांची, माणसांची जुळवाजुळव चालू असते. ह्या वर्षी दोघांनी मला विचारलं, दादा, कंपनीत जाऊ की सुटंच, म्हणजे एकेका कार्यक्रमाची सुपारी घेऊन, वाजवत राहू. दोघांनाही फोनवर अर्धवट उत्तर दिलं, म्हणून आता नीट लिहितोय.

मी स्वतः सहा वर्षं सुटं वाजवलंय आणि आता कंपनीत तिसरा हंगाम चालू होईल. पेटी वाजवतो, कुडाळच्या बाजूला राहतो. त्यामुळे हे सगळं सिंधुदुर्गातलं आणि पेटीवाल्याच्या नजरेतून आहे. रत्नागिरीकडे नमन-खेळे आणि जाखडीचं गणित वेगळं, तिकडच्या माणसाला विचारलेलं बरं. आणि पखवाजवाल्यांनी तर हे वाचताना जपूनच वाचा, का ते खाली येतंच.

पैशाचं आधी उरकतो. एका रात्रीचा हिशोब केलात तर सुटी सुपारी जिंकते, त्यात वाद नाही. मला तरी सुट्या कार्यक्रमाला कंपनीच्या नाईटच्या, म्हणजे एका रात्रीच्या नाटकाच्या पैशांच्या, दीडपट, कधी दुप्पटही मिळायचे. पण कंपनीच्या पहिल्या हंगामात माझ्या दीडशेच्या आसपास नाईटी झाल्या आणि सुटं वाजवताना माझं सगळ्यात चांगलं वर्ष गेलं त्यात सत्तरसुद्धा कार्यक्रम झाले नव्हते, तेसुद्धा सगळे डिसेंबर आणि मेमध्ये कोंबलेले. जून-जुलै दोन्हीकडे कोरडेच. मेच्या अखेरीस मालवणातले वॉटरस्पोर्ट बंद होतात, पर्यटक आटतात, रिसॉर्टवाल्याचा फोन थेट दिवाळीला येतो. तेव्हा पैशावरून ठरवायचं असेल तर वर्षाचं बघा, एका रात्रीचं बघू नका.

आता पेटीवाल्यासाठी एक अडचण, जी बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. आपल्या भागात सुटं वाजवायचं म्हटलं की सगळे म्हणतात, अरे भजनं किती, डबलबाऱ्या किती, कामाला काय तोटा! पण डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, पेटी बुवा स्वतःच वाजवतो. तिथे मागणी पखवाजवाल्याला, तबलेवाल्याला, झांजवाल्याला. चांगला पखवाजवाला श्रावणातल्या सप्त्यापासून गणपतीपर्यंत आणि पुढे मुंबईत परळ-लालबागकडच्या बाऱ्यांना तुतारी एक्स्प्रेसने जाऊन-येऊन वर्ष काढू शकतो, त्याला मी कंपनीत ये असं सहसा सांगणार नाही. पेटीवाल्याच्या वाट्याला उरतं काय, तर कीर्तनाची साथ, अभंगवाणी, नाट्यसंगीताचा एखादा कार्यक्रम, शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नातली संगीत-संध्या, रिसॉर्ट आणि संयुक्त दशावतार. ह्यातलं संयुक्त मला फार आवडायचं, वेगवेगळ्या कंपन्यांतले निवडक कलाकार एका रात्रीसाठी एकत्र, नाटक संध्याकाळी बसून ठरवायचं आणि रात्री उभं करायचं. पण ते कधी लागेल ह्याचा भरवसा नाही.

सुट्याची बाजू मी कमी लेखत नाहीये. घरी झोपायला मिळतं. रिसॉर्टला उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला माईक बंद करावाच लागतो, नियमच आहे, त्यामुळे साडेअकराला घरी. क्लास घेता येतात, माझ्याकडे नऊ मुलं शिकायला होती आणि खरं सांगायचं तर घर त्या फीवर चालायचं, सुपाऱ्या वरच्या. नाना तऱ्हेचं वाजवायला मिळतं, आज अभंग, उद्या जुनी हिंदी गाणी, परवा कुणाच्या तरी पन्नाशीला भावगीतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे आंबा. ज्याच्या घरी कलमं आहेत त्याने हे आधी बघावं, कारण मोहोराच्या फवारण्यांपासून ते मेमधल्या काढणीपर्यंतचा सगळा काळ म्हणजेच कंपनीचा हंगाम. मला आमची थोडी कलमं कराराने द्यावी लागली, वडलांना ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

मग मी सुटं का सोडलं? एका वाक्यासाठी. "तारीख धरून ठेव हां, मागीर सांगतंय."

हे वाक्य मी सहा वर्षांत किती वेळा ऐकलं देव जाणे. बोलणाऱ्याला वाटतं त्याने तुम्हाला काम दिलं. पण त्याने काम दिलेलं नसतं, त्याने तुमची तारीख घेतलेली असते, फुकट. आणि तो एकट्या तुम्हाला सांगत नाही, तीन पेटीवाल्यांना तेच सांगतो, तिघेही तारीख धरतात, एकाला काम मिळतं, उरलेल्या दोघांना कधी आदल्या दिवशी कळतं, कधी कळतच नाही, आपणच फोन करायचा आणि मग समोरून, अरे हां रे, तुका सांगूचा राहिला. मेमध्ये मुहूर्त ठरावीक, सगळ्यांना त्याच चार-पाच तारखा हव्या असतात, म्हणजे एक तारीख धरून ठेवली की दुसऱ्या दोन सुपाऱ्यांना नाही म्हणावं लागतं.

माझ्या घरी स्वयंपाकघराच्या दाराजवळ कालनिर्णय असतं. नक्की झालेली तारीख पेनाने आणि धरून ठेवलेली पेन्सिलने, अशी माझी पद्धत. मी कंपनीत गेलो त्याच्या आधीच्या वर्षीचं मेचं पान आई अजून दाखवते, पेन्सिलीची वर्तुळं खोडून-खोडून एका शनिवारच्या चौकोनात कागद इतका पातळ झालेला की मागच्या बाजूची रेसिपी दिसायची.

त्या शनिवारचं सांगतो. समुद्राजवळच्या एका रिसॉर्टने महिनाभर आधी तारीख धरायला सांगितलेली, कुटुंबाचा मोठा समारंभ, जुनी गाणी हवीत, पेटी आणि तबला. मी गाणी काढली, तबलेवाल्याबरोबर दोन वेळा बसलो. मधल्या काळात त्याच तारखेला कणकवलीकडची अभंगवाणी आली, नाही म्हटलं. कुडाळजवळ एक संयुक्त आलं, राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करणारे माझ्या आवडीचे कलाकार होते, तरी नाही म्हटलं आणि माझ्याकडे शिकलेल्या एका पोराचं नाव सुचवलं. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला मेसेज, दादा पार्टीला डीजे पाहिजे, नेक्स्ट टाइम नक्की. बस. तबलेवाल्याला मीच फोन करून सांगितलं, तो काही बोलला नाही, त्याचं न बोलणं मला जास्त लागलं.

आणि नुकसान त्या एका रात्रीचं नव्हतं. संयुक्तवाल्यांनी पुढच्या दोन प्रयोगांना त्या पोरालाच बोलावलं, ते बरोबरच आहे, त्याने चांगलं वाजवलं होतं. आपण एकदा नाही म्हटलं की त्या जागेवर दुसरा बसतो आणि मग ती जागा त्याची होते. म्हणजे जी तारीख कुणी नक्की केलेलीच नव्हती तिच्यासाठी मी दोन नक्की माणसं घालवली.

उपाय मी केले नाहीत असं नाही. इसार मागायला सुरुवात केली, थोडी रक्कम जीपे करा म्हणजे तारीख तुमची. रिसॉर्टवाले, इव्हेंटवाले देतात, निदान निम्मे तरी. पण गावातला माणूस, मामाचा शेजारी, शाळेतले गुरुजी, ह्यांच्याकडे इसार मागितला की चेहरा पडतो, आमच्यार विश्वास नाय काय रे? मग आठ दिवसांची मुदत घालून बघितली, आठ दिवसांत कळवा नाहीतर मी मोकळा. लोक हो म्हणतात आणि नवव्या दिवशी आपण दुसरीकडे शब्द दिला की रागावतात. कदाचित माझाच स्वभाव कमी पडला असेल, माझा एक मित्र हे छान सांभाळतो, त्याची बायको सगळे फोन घेते आणि ती इसाराशिवाय वहीत नावच लिहीत नाही. तुमच्याकडे असं कुणी असेल तर सुटं वाजवणं तुम्हाला माझ्यापेक्षा पुष्कळ सोपं जाईल.

कंपनीत तारीख ही मालकाची डोकेदुखी. कुठल्या गावची जत्रा, कुठलं देवस्थान, किती वाजता टेम्पो, सगळं त्याच्याकडे, आपण कपडे आणि पेटी घेऊन गाडीत बसायचं. ह्या एका गोष्टीने माझ्या डोक्यावरचं किती ओझं उतरलं ते मला पहिल्या हंगामाच्या साधारण दहाव्या दिवशी कळलं, फोन वाजला तरी पोटात गोळा येईना.

पण कंपनी म्हणजे आराम नव्हे, हे नीट ऐका. रात्रभर बाकावर बसायचं, पाठ जाते. दिवसा झोप म्हणजे देवळाच्या सभामंडपात नाहीतर शाळेच्या वर्गात, बाजूला कुणीतरी साड्या वाळत घालतंय, कुणी मुकुटाला टिकल्या लावतंय. घरातली बारशी, वाढदिवस चुकतात. आजारी पडलात आणि नाईट चुकली तर पैसे नाहीत. माझे क्लास बंद पडले, नऊपैकी दोन मुलं पावसाळ्यात परत येतात. उचल, म्हणजे मालकाकडून आगाऊ पैसे, घ्याल तर विचार करून घ्या, हंगामाच्या मध्येच सोडायचं झालं तर ती परत करावी लागते आणि शब्द मोडल्याची गोष्ट पुढच्या जत्रेपर्यंत सगळीकडे पोचलेली असते.

वाजवण्याच्या बाजूने मात्र माझ्या मनात फारशी शंका नाही. दशावतारात संवाद आयत्या वेळचे, पद कधी सुरू होईल हे नटालाच दोन वाक्यं आधी माहीत असतं. डिसेंबरातली पहाटे तीनची वेळ, दव पडलेलं, मी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बोटं शेकतोय, आणि स्त्रीपार्ट, म्हणजे बाईची भूमिका करणारा नट, रडता रडता पदावर आला. रोज तो काळी एकमध्ये गातो, त्या रात्री आवाज वर चढलेला, पहिलाच स्वर पांढरी दोनचा लावला. पेटी स्केलचेंजर असली तरी पट्टी सरकवायला वेळ कुठे, हातानेच अख्खं पद अर्ध्या सुराने वर घ्यायचं, तेही त्याला किंवा बघणाऱ्याला न कळू देता. पखवाजवाल्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. हे रिसॉर्टमध्ये सहा वर्षांत एकदाही करावं लागलं नव्हतं. दोन हंगामांनी माझा हात जेवढा सुधारला तेवढा आधीच्या सहा वर्षांत सुधारला नाही, निदान मला तसं वाटतं, आणि ज्यांच्याकडे मी शिकलो तेही हेच म्हणाले.

अजून एक, तरुणपणी कुणी ह्याचा विचार करत नाही. सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, वयाची 50 पूर्ण झाली की अर्ज करता येतो, पण इतकी वर्षं कला केली ह्याचे पुरावे लागतात. सुट्या माणसाकडे पुरावा म्हणजे व्हॉट्सअॅपवरचे दोन फोटो. कंपनीत हँडबिलावर नाव येतं, मालकाचं पत्र मिळू शकतं. सुटं वाजवत असाल तरी आतापासून पत्रिका, कात्रणं, कार्यक्रमाची पत्रं एका फाईलला लावत जा.

तर माझं मत विचाराल तर असं. पखवाज वाजवत असाल, घरी कलमं सांभाळायला दुसरं कुणी नसेल, मूल लहान असेल, किंवा क्लास चांगला बसलेला असेल, तर सुटंच बरं, फक्त इसाराबाबतीत पहिल्या दिवसापासून कडक राहा, मी चौथ्या वर्षी कडक झालो तोवर लोकांना सवय लागलेली. पण पेटी वाजवत असाल, वय तिशीच्या आत असेल आणि पाठ ठणठणीत असेल, तर निदान दोन हंगाम कंपनीत काढावेत असं मला मनापासून वाटतं. एका हंगामात नुसती रात्रीची झोप जमवायला शिकतो माणूस, दुसऱ्यात वाजवायला. पावसाळा आणि गणपती मोकळेच असतात, तेव्हा सुटं वाजवायला कुणी अडवत नाही, मीही वाजवतो.

जायचं ठरलं तर मालकाला दसऱ्याच्या आधी भेटा, आणि भेटायला जाताना आधी त्या कंपनीचं एक नाटक रात्रभर पूर्ण बघून जा, मागून नाही, वाजवणाऱ्यांच्या बाजूला बसून. तीन गोष्टी स्पष्ट विचारा: नाईटचा हिशोब रोजचा की महिन्याचा, आजारपणात काय, आणि पेटी कुणाची. पेटी स्वतःची न्यायची असेल तर भात्याला आणि सुरांना हंगामाआधी एकदा बघून घ्या. पावसाळ्यात ओल धरलेल्या पेटीची एखादी पट्टी अडकतेच, आणि ती नेमकी पहिल्या जत्रेच्या रात्री, नांदीला अडकते. आणि एक पेन्सिल पेटीच्या खोक्यात टाका, कुठला नट कुठल्या पट्टीत गातो ते पहिले पंधरा दिवस लिहून ठेवावं लागतं. माझी कालनिर्णयाची पेन्सिल आता तिथेच असते.