शांघायमध्ये फिरायला मेट्रो की दीदी?

दिवसा फिरायचं असेल तर माझं मत सरळ मेट्रोला. ८०० किलोमीटरहून मोठं जाळं, पाट्या आणि घोषणा इंग्रजीतही, आणि भाडं पहिल्या ६ किलोमीटरला फक्त ३ युआन. पुढे दर १० किलोमीटरला एक युआन वाढतो. पुदोंग विमानतळावरून २ नंबरची लाइन थेट शहराच्या मध्यात, पीपल्स स्क्वेअरला आणते. तासाभराहून जास्त लागतो, पण ट्रॅफिकची कटकट नाही. त्रास म्हणाल तर प्रत्येक स्टेशनात बॅग स्कॅनरमधून काढावी लागते, आणि मोठ्या स्टेशनांत लाइन बदलताना पायांचे तुकडे पडतात.

दीदी म्हणजे तिथली ओला-उबरच. अलीपे या चिनी पेमेंट अ‍ॅपमध्येच उघडते, इंग्रजीत चालते, अलीपेला आपलं कार्ड जोडलं की पैसेही त्यातूनच जातात. ड्रायव्हरचा चिनी मेसेज भाषांतरित होऊन येतो. खरी गंमत गाडी शोधताना. पिन रस्त्याच्या पलीकडे पडली की संपलंच! आधी नंबरप्लेट जुळवा. बसल्यावर ड्रायव्हर तुमच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे विचारतो. चिनी येत नसेल तर सरळ स्क्रीन दाखवा.

संध्याकाळच्या गर्दीत दीदीच्या नादी लागू नका, गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. मात्र रात्री साडेदहा-अकरानंतर बहुतेक लाइन बंद होतात. तेव्हा, किंवा सोबत आईबाबा आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर, थोडे जास्त युआन गेले तरी दीदीच बरी.