जाडजूड बलूसोबत आठ महिने

सोलापुरात बालवाडीचं काम घेतलं की एका भाषेत भागत नाही. मराठी आहेच, पण पूर्व भागात घरोघरी तेलुगू, शिवाय कन्नड, उर्दू. आठ महिन्यांपूर्वी अशाच एका बालवाडीच्या भिंती, दारावरच्या पाट्या आणि गोष्टींच्या पुस्तिका करायला घेतल्या. चारही लिप्या एका घरातल्या दिसायला हव्या होत्या. तेव्हापासून मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींचा ‘बलू’ हा फॉन्ट वापरतेय.

नावांतच अर्धी मजा. देवनागरी नुसता ‘बलू २’, तेलुगू ‘तम्मुडू’, कन्नड ‘तम्मा’, उर्दूला ‘भाईजान’. तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ, तम्माही तोच. गुजराती ‘भाई’ आणि पंजाबी ‘पाजी’ आहेत, ते मला अजून लागले नाहीत. फुकट आहे, मुक्त परवान्याचा आहे, गिऱ्हाइकाच्या कामात बिनधास्त वापरता येतो.

भिंतीवर हा फॉन्ट राजा आहे. फूटभर उंचीचं ‘आंबा’ लावलं, तर मुलं त्या गोलाव्यावरून बोट फिरवत उभी राहिली. कोपरे बोथट, अंग भरलेलं, तरी बाळबोधपणाचा आव नाही. ‘लहान मुलांसाठी’ म्हणून जे फॉन्ट मिळतात त्यांतली निम्मी अक्षरं नाचत असतात. अक्षरओळख होत असलेल्या मुलाने त्यांतून काय उचलायचं? बलूतला ‘क’ जागच्या जागी असतो.

पुस्तिकेत मात्र चुकले, आणि चूक माझीच. पहिल्या बलूत एकच जाडी होती, दुसऱ्यात रेग्युलर ते एक्स्ट्रा बोल्ड अशा पाच आहेत. मी हौसेने गोष्टीचा मजकूरही सगळ्यांत जाड ठेवला, १४ पॉइंटात. छापून आल्यावर ‘ध’ची गाठ बुजलेली, तो ‘घ’ वाटायला लागला. ‘धार’ की ‘घार’? आता मथळ्याला बलू आणि मजकुराला त्याच मंडळींचा ‘मुक्त’. ओळींतलं अंतरही हाताने कमी करावं लागतं, मुळात ते फार ऐसपैस आहे. छोट्या गोल बिल्ल्यात शब्द मधोमध बसवताना माझी चिडचिड होते.

भाईजानबद्दल उर्दूच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “हे अरबी का दिसतंय?” खरंय त्यांचं. उर्दू वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना तिरकी उतरती नस्तालीक वळणं सवयीची, आणि हा अरबीत रुळलेल्या नस्ख वळणाचा. पाटीवर त्यांनी चालवून घेतला, पुस्तिकेसाठी नाही म्हणाल्या. ती आम्ही नस्तालीकमध्येच केली.

एक व्यवहाराची गोष्ट. पहिला बॅनर मी उघड्या, म्हणजे अक्षरं बदलता येतील अशा फाइलीत पाठवला. छापणाऱ्याच्या जुन्या सॉफ्टवेअरने वेलांट्या उचलून भलतीकडे ठेवल्या, जोडाक्षरांचे पाय मोडले. तेव्हापासून सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या बाह्यरेषा करून, पीडीएफ देते. पण कर्व्ह केलं की अक्षर हे अक्षर राहत नाही, नुसता आकार होतो. दुरुस्ती करायची तर मूळ फाइलच लागते. ‘हत्ती’चा ‘हती’ झालेला गेल्या महिन्यात रात्री अकराला फोनवर कळला. मूळ फाइल जपली होती म्हणून पाच मिनिटांत निभावलं.